नागेश दोन विषयांना बसतो

नागेश पेठकर जर्मनीत, बॉबलिंगेनला, गाड्यांचे ब्रेक तपासायचा. उन्हाळ्यापासून त्याची झोप उडाली होती. कंपनीच्या फाटकाशी पोचलं की छाती धडधडायची आणि पाय आपोआप मागे वळायचे. नोकरी जायची वेळ आली, तेव्हा गृहस्थ मानसोपचाराच्या दवाखान्यात गेला. तिथे 'काय होतंय' असं कुणी विचारलं नाही. हातात दोन प्रश्नावल्या ठेवल्या: एक चिंता मोजणारी, दुसरी नैराश्य. जिच्यात गुण जास्त, तिच्या विभागात उपचार.

जन्मभर 'कसा आहेस' ला 'चाललंय' म्हणत आलेल्या माणसाने सगळीकडे 'क्वचित' वर खूण केली. निकाल लागला: निरोगी. परत घरी.

त्याची बायको उल्का पुण्याची, कट-ऑफच्या याद्या वाचत वाढलेली. तिने कपाळाला हात लावला. "अरे, स्वतःच्या आजारात नापास होतं का कुणी?"

मग अभ्यास सुरू झाला. नैराश्याला म्हणे प्रतीक्षायादी लांबलचक, चिंतेत जागा लगेच मिळते. तेव्हा चिंता मुख्य विषय, नैराश्य ऐच्छिक. भाजी चिरता चिरता उल्का विचारायची, "भविष्याची भीती वाटते?" नागेश म्हणायचा, "जवळजवळ रोज." भीती त्याला खरोखरच रोज वाटत होती, पण पाठांतराच्या नादात तो ते विसरूनच गेला.

दुसऱ्या खेपेला दोन्हींत जवळपास पैकीच्या पैकी. चिंता विभाग म्हणाला, एवढं नैराश्य आमच्याकडे चालत नाही. नैराश्य विभाग म्हणाला, आधी ही चिंता कमी करून आणा. उल्काने फोनवर सासूबाईंना सांगितलं, "आई, दोन्हींत डिस्टिंक्शन आहे." सासूबाईंनी विचारलं, "आणि जर्मन मुलांना किती पडले?"

शेवटी प्रकरण फ्राऊ डॉक्टर वाइडनरांकडे गेलं. बाईंनी दोन्ही प्रश्नावल्या बाजूला सारल्या, चष्मा काढला आणि सावकाश विचारलं, "बरं, हेर पेठकर, तुम्हाला नक्की काय होतंय?"

नागेश खुर्चीत ताठ बसला. इतक्या महिन्यांत हे पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं. घरच्यांनीसुद्धा गुणच विचारले होते.

"पर्याय काय काय आहेत?" त्याने अदबीने विचारलं.

हसा, हसा. हसून झालं की आपण शेवटचं खरं उत्तर कुणाला आणि कधी दिलं, ते आठवून बघा. 'मजेत' धरलं जाणार नाही.