जागा जास्त झाली म्हणून

रविवारी धम्मरत्नने सर्व्हरच्या खोलीत स्टोरेजची नवी भलीमोठी पेटी बसवली, जुन्या फाइली तिच्यात हलवल्या आणि सोमवारी सकाळी सव्वासातला चाकणचा तो कारखाना ठप्प झाला.

तिथे ब्रेकचे भाग बनत. कॅमेरा प्रत्येक भागाचा फोटो काढी, फोटो पेटीत जाई, मगच भाग पुढे सरके. आज पडद्यावर लाल अक्षरं होती : 'शिल्लक जागा उणे २१४ कोटी खण. फोटो ठेवता येत नाही.'

"धम्मा, आरं पेटी एवढी रिकामी आन् जागा उणे?" प्लांट मॅनेजर जयदीपसाहेब मूळचे मोशीचे; चिडले की गावची बोली बाहेर पडे. "आमच्या मोशीत जमिनीचे लई घोळ पाहिले, पर असा न्हाई!"

पेटीची शिफारस धम्मरत्नचीच होती.

"कचरा काढा!" साहेबांनी हुकूम सोडला. सगळं ऑफिस जुन्या फाइली पुसायला बसलं. आकडा उणे दोनशे तेरावर आला. साहेबांना इतका हुरूप आला, की त्यांनी स्वतःच्या वास्तुशांतीचा व्हिडिओही उडवला. तासाभरात दोनशे बारा!

"साहेब, या वेगानं शून्यावर यायला साडेचार दिवस लागतील," धम्मरत्न चाचरत म्हणाला आणि त्याने पिंपरीला योगिनीला फोन लावला. फोटो ठेवणारा प्रोग्रॅम तीच सांभाळायची.

योगिनी स्कूटरवरून आली. चहाला हातही न लावता तिने दहा मिनिटं चौदा वर्षांपूर्वीचा कोड वाचला. मग म्हणाली, "पुसणं बंद करा. आता भरा."

"काय भरा?"

"मिळेल ते. या प्रोग्रॅमला दोनशे चौदा कोटी खणांच्या वर मोकळी जागा मोजता येत नाही. त्यापुढे गेलं की आकडा उलटून थेट उणे दोनशे चौदावर जातो आणि तिथून शून्याकडे मोजत येतो."

"म्हंजी जागा जास्त झाली म्हणून जागा न्हाई?"

"बरोब्बर, साहेब."

कॅमेऱ्याचा प्रोग्रॅम अडून बसला होता, पण पेटीत हाताने फाइली टाकायला कुणाची मनाई नव्हती. बॅकअपमधून पुसलेलं सगळं परत आणलं. तरी थोडं कमी पडलं, तेव्हा साहेबांची वास्तुशांती चार वेळा टाकली. चौथ्या वास्तुशांतीला आकडा उण्याचा अधिक झाला आणि लाइन धडधडत सुरू झाली.

धम्मरत्नला वाटलं, सुटलो. योगिनी मात्र उठली नाही. आकड्याची मर्यादा वाढवायची तर एक ओळ बदलून भागणार नव्हतं. तोच आकडा एकेचाळीस ठिकाणी फिरत होता. तिने एकेचाळीसही ठिकाणं शोधली, बदलली, प्रत्येक तपासलं. चाळीसाव्या ठिकाणीही तिचं लक्ष पहिल्याइतकंच ताजं होतं. दहा वर्षं कॉम्प्युटरात घालवलेला धम्मरत्न शेजारी स्टूल घेऊन शाळकरी पोरासारखा बघत राहिला.

संध्याकाळी साहेबांनी दुरुस्तीचा फॉर्म पुढे केला. "मॅडम, एक रकाना राहिला. 'हा बिघाड पुन्हा कधी संभवतो?' मोघम चालत न्हाई, ऑडिटवाले वर्ष मागतात."

योगिनीने कागदावर हिशेब मांडला. "दर तीन वर्षांनी अशी एक पेटी घेतलीत, तर नवी मर्यादा ओलांडली जाईल साधारण बाराशे अठ्ठ्याऐंशी कोटी वर्षांनी."

"घाला मग."

योगिनीने पेन उचललं आणि थांबली. फॉर्मवर वर्षासाठी चौकोन चारच होते.

साहेबांनी फॉर्मकडे पाहिलं, योगिनीकडे पाहिलं आणि फोन उचलला. "छपाईवाल्याला सांगा, रकाना मोठा करायचा हाय. आन् धम्मा, असले फॉर्म एकूण किती ठिकाणी हायेत, ते आधी मोज."