चोविसावी बरणी

शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं मदतनीस म्हणून काढलेल्या काकांच्या डब्यात एकतीस वर्षांत कुणी हात घातला नव्हता. मधल्या सुट्टीत शिक्षकांचे डबे टेबलभर फिरत, पण काकांचा डबा पुढे सरकला की सगळ्यांची पोटं एकदम भरत. ज्या हातांनी बेडूक आणि साप बरण्यांत भरले जातात, त्या हातचं कोण खाणार? काका बिचारे तीन-तीनदा हात धूत. पण त्यांचं नाव बेडूककाका पडलं होतं, आणि ते काही साबणानं जाण्यातलं नव्हतं.

शनिवारी काका निवृत्त होणार होते.

"शेवटच्या दिवशी तरी खातील," बायको म्हणाली. "व्हिनेगरमधलं झटपट लोणचं न्या. मी करून देते."

"मीच करतो. माझ्या हातचं खायला हवं त्यांनी."

शुक्रवारी संध्याकाळी काका ओट्याशी उभे राहिले. गाजराचा पहिला काप त्यांनी पट्टीने मोजला आणि बाकीचे त्याच्या मापाने केले. मुळा आणि काकडीही तशीच. मग व्हिनेगर, पाणी, साखर, मीठ उकळून वर ओतलं. घरातल्या एकाही बरणीचं झाकण धड बसत नव्हतं, म्हणून त्यांनी शाळेला बरण्या पुरवणाऱ्या दुकानातून एक कोरी आणली होती. ती भरल्यावर हात सवयीने चालला आणि चिठ्ठी चिकटली : गाजर, मुळा, काकडी. व्हिनेगरमध्ये. खाली तारीख.

"अहो, गाजर ओळखू येतं की."

"तारखेशिवाय बरणी मी आजवर ठेवलेली नाही."

बायकोने कपाळावर हात मारला आणि बरणीत न मावलेले काप वाटीत काढून ठेवले.

सकाळी काकांनी ती बरणी दुपारपर्यंत सुरक्षित राहावी म्हणून प्रयोगशाळेच्या कपाटात, सापाशेजारी ठेवली. अकरा वाजता तपासणीचे साहेब आले. काकांकडून ताबा घ्यायचा, म्हणजे बरण्या मोजायच्या. नोंदवहीत चोवीस होत्या. कपाटात खरं तर तेवीसच असायच्या, कारण पालीची बरणी सहा वर्षांपूर्वी विज्ञानाच्या बाईंच्या हातून फुटली होती. बाई तेव्हा नव्या होत्या. काकांनी ते पोटात ठेवलं, आणि बाई दरवर्षी चोवीसवर सही करत आल्या.

"चोवीस. बरोबर," साहेब म्हणाले.

"साहेब, त्यातली एक..." काका बोलायला लागले आणि त्यांना बाईंचा चेहरा दिसला. तो पांढराफटक पडला होता.

"एक काय?"

"एक नवीन आहे."

साहेबांनी चिठ्ठी वाचली, बरणी उजेडात धरली. "वा. इतके सारखे काप मी कुठल्याच शाळेत पाहिले नाहीत." मग त्यांनी नोंदवहीत तिची चिठ्ठी पालीच्या जागी उतरवली, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. ती सोमवारी नव्या माणसाला मिळणार होती.

दुपारी निरोपाचा केक कापला. "तुमच्यासाठी लोणचं केलं होतं, पण ते कपाटात अडकलं," काकांनी सांगितलं.

"अरेरे, आवडीनं खाल्लं असतं," सगळे म्हणाले. काकांच्या खाण्याबद्दल इतक्या मोकळ्या मनाने ते आजवर कधी बोलले नव्हते.

निघताना बाई जिन्यापाशी आल्या. "काका, माझ्यामुळे झालं हे."

"ते जाऊ द्या. तुम्ही तरी खाल्लं असतं का?"

बाई म्हणाल्या, "माहीत नाही, काका."

काकांना वाईट वाटलं, पण दिवसभरात कुणीतरी खरं बोललं एवढं समाधानही वाटलं.

बायको दारातच उभी होती. "बरणी कुठंय?"

"शाळेनं ठेवून घेतली."

"सगळी?"

"एक कापसुद्धा परत दिला नाही. साहेबांनी तर नोंदवहीत मांडलं." यात खोटं काहीच नव्हतं.

बायको त्यांच्याकडे पाहत राहिली. मग तिने आतून वाटी आणली. "त्यांच्यासाठी अजून करायचं का?"

"नको. शाळेत आहे ती पुष्कळ वर्षं टिकेल."

"मग मला भरवा."

काका सवयीने हात धुवायला उठले. तिने त्यांचं मनगट धरून त्यांना खाली बसवलं आणि तोंड उघडलं.