जळगावच्या धर्मशाळेचा संडास फत्ते झाल्याची हकीकत

श्री. शके अठराशे एकोणसाठ, ईश्वरनाम संवत्सरे, चैत्र वद्य पक्षी, खानदेश प्रांती, कसबे जळगाव येथे जे घनघोर युद्ध जाहले त्याची हकीकत लिहितो. आम्ही नाकास उपरणे लावून समक्ष हजर होतो, सबब वाचणाराने संशय न धरावा.

राजश्री दलिचंद शेठ सराफ यांची कन्या कुसुमलता उपवर जाहली आणि धुळ्याचे राजश्री सुरेशचंद शेठ आपल्या पुत्रासाठी तीस पाहावयास येण्याचे ठरले. सुरेशचंदांचा दस्तूर ऐसा की संडास अगोदर पाहावा, मुलगी मागाहून. येणेकरून भुसावळ, चोपडे, अंमळनेर येथील स्थळे उंबऱ्यावरूनच मोडली होती. आणि त्यांचा मुक्काम पडणार शेठजींच्या वडिलांनी बांधिलेल्या धर्मशाळेत, जिचा संडास साऱ्या बाजारास खुला, आणि तेथे दुर्गंधीचा अंमल इतका जबर की टांग्याचे घोडेही वळसा घालून जात.

मग शेठजींनी खासा हुकूम फर्माविला की गाडी येण्याआत किल्ला सर व्हावा. सरलष्कर भिकन झाडूवाला, हत्यार खराटा, दारूगोळा म्हणोन विहिरीत टाकावयाची ब्लीचिंग पूड, ऐसी जय्यत तयारी जाहली आणि पूड फरशीवर पसरली. परंतु शेठजींचा जीव सराफाचा. ज्या तेजाबाने सोने उजळते त्याने संडास का न उजळावा, ऐसे मनी येऊन त्यांनी पेढीवरील तेजाबाची बरणी त्या पुडीवर रिती केली. मग काय पुसता! पिवळा-हिरवा धूर उठला, आणि ठसक्यांची एकच गर्दी जाहली, आणि शेठजींची पगडी एकीकडे नि शेठजी एकीकडे, आणि सरलष्कर बाहेर येऊन अर्ज करते जाहले, "शेठ, मझार आग शे, डोया जयी राह्यनात," म्हणजे आत आग आहे, डोळे जळताहेत. आम्हीही पळालो, परंतु शिस्तीने.

पोरीचे स्थळ गेले म्हणोन शेठजी ओट्यावर बसून रडू लागले, आणि ते रडणे अवघे धुराचे नव्हते. ते पाहून कुसुमलताबाईंनी पदर खोचिला आणि फर्मान काढिले की तेजाब आणि पूड यांची सोयरीक उभ्या जन्मात करू नये, दारे सताड उघडावी, सर्वांनी वारा येतो त्या बाजूस उभे राहावे, आणि वास निवळल्याविना कोणी आत पाऊल घालू नये. मग धूर ओसरताच दुरून बादल्यांमागून बादल्या पाणी ओतिले, आणि हातांस मेणकापड बांधून साबण व काथ्याने मळ घासिला, आणि मग निव्वळ पुडीचे पाणी शिंपून काही वेळ तैसेच राहू दिले, आणि पुन्हा धुतले. दाराची कडी आणि लोटाही सोडिला नाही, कारण तेथे साऱ्या बाजाराचे हात लागतात.

इतक्यात सुरेशचंद शेठ दाखल जाहले. परंतु गाडीतील भज्यांनी त्यांच्याशी दगा केला होता, सबब ते रामराम न घेता थेट आत शिरले. बाहेर अवघा दरबार श्वास रोखून उभा. बऱ्याच वेळाने स्वारी प्रसन्न मुद्रेने बाहेर आली, कडी उलटसुलट पाहिली आणि मुलगी पसंत असल्याचे जाहीर केले. मुलगी अद्याप त्यांनी पाहिलीच नव्हती. दलिचंद शेठ पुन्हा रडले.

तेव्हा कुसुमलताबाई बादली खाली ठेवून पुढे जाहल्या आणि शांतपणे बोलिल्या, "काका, आता धुळ्याचा तुमचा संडास मी पाहीन. मग माझी पसंती कळवीन."

सुरेशचंद शेठांचा चेहरा खर्रकन उतरला आणि ते चहासही न थांबता तारघराकडे धावले.

येणेप्रमाणे जळगावचा किल्ला फत्ते जाहला, धर्मशाळेवर बाईंचे निशाण, म्हणजे धुतलेले फडके, वाळू लागले, आणि धुळ्यास तार पोहोचली ती ऐसी: संडास घासा. मुलगी पाहावयास येते आहे.