धाकाविना चकाकणारे जिवाणू

धाक गेला की काम थांबते, हे तत्त्व शासनाला फार उशिरा उमगले. जिवाणूंना ते मुळातच ठाऊक आहे. त्यांच्या पोटात बाहेरचा जीन डीएनएच्या एका सुट्या कड्यावर (प्लाझ्मिडवर) चढवून सोडला, तर ते तो निमूट वागवतात, पण अँटिबायोटिक अंगावर आहे तोवरच. (त्या औषधापासून वाचवणारा जीनही त्याच कड्यावर असतो.) औषध बंद झाले की चाळीस पिढ्यांत शंभरातले ब्याऐंशी जण कडे टाकून मोकळे होतात. उरलेले अठरा बहुधा नव्या भरतीतले असावेत.

नांदेडच्या एका महाविद्यालयात ऋतुजाने पीएच.डी.साठी यावर साडेचार वर्षे घालवली. हिरवी चकाकी देणारा जीन तिने थेट जिवाणूच्या मूळ गुणसूत्रात बसवला आणि औषधापासून वाचवणारा जीन काढूनच टाकला. तिचे जिवाणू आता शंभर पिढ्या, कुणाच्याही धाकाविना, चकाकत होते. प्रयोगशाळेचे शिपाई बसलिंगप्पा रोज तो चंबू पाहून हळहळत. "ताई, कुणी बघत न्हाई तरी काम करून राहिलेत. लई भोळे हायत."

हे जिवाणू प्रबंध तपासणाऱ्या समितीसमोर चकाकले, तर प्रबंध मंजूर होणार होता. मार्गदर्शक उमाशंकर सर सज्जन माणूस. समिती येणार म्हटल्यावर सगळे करतात तेच त्यांनी केले. कुंड्यांना गेरू लावला, हजेरीपट भरले (गेल्या मार्चपासूनचे), आणि आदल्या संध्याकाळी ऋतुजा घरी गेल्यावर तुलनेसाठी ठेवलेल्या, तोच चकाकीचा जीन कड्यावर वागवणाऱ्या जुन्या जिवाणूंच्या आणि तिच्या नव्या, अशा दोन्ही ताज्या चंबूंत सढळ हाताने औषध ओतले. "समिती येऊन राहिली, बसलिंगप्पा. जरा धाक असलेला बरा."

सकाळी निळ्या दिव्याखाली जुने जिवाणू झळाळत होते. ऋतुजाच्या चंबूत नुसते पाणी दिसत होते. धाकात जगायची सोयच तिने काढून टाकली होती, आणि त्याबद्दलच तिला पदवी मिळायची होती. तिला रडू फुटले, ते तिने मास्कमध्ये जिरवले. समितीने शेरा लिहिला: "जुने वाण स्थिर व शिस्तप्रिय. नवे वाण अस्थिर. प्रयोग पुन्हा करावा."

फ्रीजरमध्ये तिच्या जिवाणूंची एक नळी उरली होती. बसलिंगप्पांनी फ्रीजरला कुलूप घातले आणि किल्ली सरांना न देता तिच्या हातात ठेवली.

सरांना हसून झाले असेल, तर वाचकाने एक सोपी चाचणी करावी. चौकात पोलीस नसताना आपले हेल्मेट कुठे असते ते पाहावे. गाडीच्या आरशाला अडकवलेले आढळल्यास काळजी नसावी. समितीच्या मते आपले वाण स्थिर आहे.