पाचवा खेळ

गुरुवारी दुपारी पत्रवालीला जाग आली तेव्हा तिच्या गालावर उशीच्या शिवणीचा वळ उठला होता, नऊ महिन्यांच्या पिल्लूचा एक पाय तिच्या गळ्यात होता आणि पत्र जाऊन चाळीस मिनिटं झाली होती.

पत्रवाली हे नाव तिच्या वाचकांनी ठेवलेलं. दर पंधरा दिवसांनी, गुरुवारी दुपारी बाराला, ती तीनशे बारा जणांना ईमेलने एक पत्र पाठवायची आणि त्यात पाच खेळांची शिफारस करायची. खेळ म्हणजे टेबलाभोवती बसून खेळायचे, गोष्टींचे. एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे तिच्यातली माणसं होतात, कुठे अडलं की फासे टाकतात. याला रोल प्लेइंग गेम म्हणतात हे तिने घरी अनेकदा सांगून पाहिलं होतं. सासूबाई मात्र त्याला ‘तुमचं ते बोलणं’ म्हणत. मोठ्या कंपन्यांच्या खेळांच्या वाटेला ती जात नसे. तिचे खेळ कुणीतरी एकट्यानेच, नोकरी सांभाळून, घरच्या टेबलावर रचलेले असत आणि छापून निघावेत म्हणून लोकवर्गणीची वाट बघत असत. अशा खेळांना कुणी वाली नसतो. ती होती.

पत्राच्या डोक्यावर चार वर्षं एकच ओळ असे : ‘मी स्वतः बसून खेळले नाही असा एकही खेळ इथे येत नाही.’ तिच्याकडे दुसरं काही भांडवल नव्हतं. लोक तिच्या शब्दावर अनोळखी माणसांच्या खेळांना पैसे देत, ते या एका ओळीच्या जोरावर.

आणि तिची एक सवय होती. पाचवा खेळ मिळेपर्यंत पाचवी जागा रिकामी बघवत नसे म्हणून ती तिथे काहीतरी खोटंच लिहून ठेवायची. मग पत्राची वेळ लावून टाकायची आणि बारा वाजायच्या आत खोटं काढून खरं घालायची. या वेळी अकराला पिल्लू दातांमुळे रडायला लागलं, साडेअकराला त्याला झोपवता झोपवता ती झोपली आणि बाराला पत्र आपलं आपण निघून गेलं.

ती धावत स्वयंपाकघरात आली. म्हणजे धावत नाही, चवड्यांवर. पिल्लू झोपलेलं होतं.

“आई, घात झाला.”

“हळू,” सासूबाई म्हणाल्या. “काय झालं?”

“पत्र गेलं. पाचव्या खेळासकट. आणि पाचवा खेळ नाहीच आहे.”

“मग काय गेलं?”

“मी काहीतरी लिहिलं होतं. असंच. जागा भरायला.”

“वाच बघू.”

पत्रवालीने फोन समोर धरला आणि कुजबुजत वाचलं : “पाचवा खेळ : झोपलंय. तीन ते पाच खेळाडूंसाठी. एका घरात नऊ महिन्यांचं बाळ नुकतंच झोपलं आहे. तुम्ही त्या घरातली मोठी माणसं आहात. प्रत्येकाला एक अगदी क्षुल्लक काम आहे. कुणाला चष्मा शोधायचा आहे, कुणाला पाणी प्यायचं आहे, कुणाला घराबाहेर पडायचं आहे. फासे मोज्यात घालून टाकावेत. फाशाचा आवाज आला तर बाळ उठतं आणि सगळे हरतात. या वर्षातला सर्वांत भीषण खेळ. लोकवर्गणी लवकरच सुरू.”

सासूबाईंनी डोळे मिटून ऐकलं. तीस वर्षं टेलिफोन केंद्रात काढलेली बाई. ऐकताना त्या डोळे मिटत.

“चूक आहे,” त्या म्हणाल्या.

“तेच म्हणते मी!”

“फ्रीजचं काहीच लिहिलं नाहीस तू.”

पत्रवालीला हे बोलणं समजलं नाही आणि समजून घ्यायला वेळही नव्हता, कारण फोन थरथरायला लागला होता.

एरवी पत्राला दोन उत्तरं यायची, त्यातलं एक मावसभावाचं. या वेळी संध्याकाळपर्यंत एकसष्ट आली. बाकीच्या चार खेळांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. म्हातारे दरोडेखोर जन्मभराची चोरी ज्याची त्याला गुपचूप परत नेऊन ठेवतात, असा एक सुंदर खेळ होता त्यात. त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. सगळ्यांना ‘झोपलंय’ हवा होता. ‘लिंक कुठे आहे?’ ‘वर्गणी कधी उघडणार?’ ‘आम्हाला जुळी आहेत, जुळ्यांचे नियम वेगळे असतील ना?’ ‘दोन प्रती घेईन. एक मेव्हण्याला. तो आमचं दार आपटतो.’

शेवटचं पत्र एका छापखानावाल्याचं होतं.

‘ताई, तुमच्या शब्दावर मी आजवर अकरा खेळांना वर्गणी दिली. एकदाही पस्तावलो नाही. हा खेळ मी स्वतः छापीन म्हणतो. मात्र छापण्याआधी तुमच्याबरोबर एकदा खेळायची इच्छा आहे. रविवारी तीनला दोघा मित्रांना घेऊन येतो. पत्ता तुमच्या पत्राच्या तळाशी असतोच.’

“असतो?” नवऱ्याने विचारलं. तो चष्म्यांच्या दुकानात काचा घासायचा आणि घरी आल्यावर जग जरा धूसर असलेलं त्याला आवडायचं.

“द्यावा लागतो. नियम आहे.”

“मग खरं सांगून टाक सगळ्यांना. चूक झाली म्हणावं. त्यात काय!”

“त्यात काय? चार वर्षं वरती ती ओळ लिहितेय मी. खोटी ठरले तर उद्या त्या दरोडेखोरांसाठी कोण वर्गणी देईल?”

पण सांगायचं तर होतंच. गुरुवारी रात्रीपासून तिने माफीचं पत्र लिहायला घेतलं. ‘प्रिय वाचकहो, गुरुवारच्या पत्रात’ इथवर आलं की पिल्लू उठायचं. शुक्रवारी दोनदा ती त्याच तीन-चार शब्दांपर्यंत पोचली. शनिवारी ‘माझ्याकडून एक’ इतकी मजल मारली, तोच दुसरा दात आला. रविवारी पावणेतीनला पिल्लू झोपलं तेव्हा माफी ‘माझ्याकडून एक’वरच उभी होती. पाहुण्यांना द्यायला बिस्किटं नाहीत असं लक्षात आल्यावर नवरा खाली गेला.

तीन वाजले, सव्वातीन झाले, बेल वाजली नाही. पत्रवालीचा जीव भांड्यात पडला. येत नाहीत बहुतेक, असं म्हणत तिने सहज दार किलकिलं करून पाहिलं.

बाहेर तीन माणसं उभी होती. तिघांनी बूट काढून हातात धरले होते. पुढे उभ्या असलेल्या गृहस्थांच्या बोटांवर शाई होती.

“बराच वेळ झाला?” ती कुजबुजली.

“वीस मिनिटं,” छापखानावाले त्याहून हळू म्हणाले. “बेल कशी वाजवणार? बाळ झोपलंय ना?”

घरच्या माणसांना नऊ महिन्यांत जे जमलं नव्हतं, ते या परक्यांनी एक परिच्छेद वाचून आत्मसात केलं होतं.

तिघं मांजराच्या पावलांनी आत आली. छापखानावाल्यांबरोबर दातांची डॉक्टरीण होती आणि एक लिफ्ट दुरुस्त करणारा होता, दारात वाकून यावं लागेल एवढा उंच. जेवणाच्या टेबलाभोवती सगळे बसले. पलीकडे झोपायच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. पत्रवालीने हात जोडले.

“मला आधी काहीतरी सांगायचंय. हा खेळ नाहीये. मी तो खेळलेले नाही. पाचवी जागा भरायला लिहिलं आणि चुकून गेलं. मसुदा नाही, नियम नाहीत, काही नाही. तुम्ही इतक्या लांबून आलात, मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय.”

डॉक्टरिणीने बुटांकडे पाहिलं. जावं की बसावं, हे तिलाही कळत नसावं.

तेवढ्यात सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या, टेबलाच्या टोकाशी बसल्या आणि पिल्लूचा एक पिवळा मोजा त्यांनी मधोमध ठेवला. मोज्यात दोन फासे होते.

“तुम्ही कोण?” त्यांनी छापखानावाल्यांना विचारलं.

“माझा छापखाना आहे, मावशी.”

“तो घराबाहेर. इथे कोण?”

छापखानावाल्यांनी क्षणभर विचार केला आणि त्यांचे खांदे हळूहळू वाकले. “आजोबा,” ते म्हणाले.

“आजोबांना काय हवंय?”

“चष्मा.”

“चष्मा बाळाच्या उशाशी राहिलाय. सकाळी तुम्हीच विसरलात. आता तुम्ही फ्रीजपाशी उभे आहात. खोलीच्या दारापर्यंत नऊ फरश्या आहेत. तिसरी सैल आहे, टाच पडली की बोलते. सहावीवर खुळखुळा पडलाय. काय करता?”

सासूबाईंचा आवाज चढत नव्हता, उतरत नव्हता. तीस वर्षं एकाच वेळी चार-चार लोकांना लाइनवर धरलेला तो आवाज होता. टेबलाच्या काठापाशी संपायचा, पण त्याच्या अलीकडे एकही शब्द सांडायचा नाही. लिफ्टवाल्याने श्वास रोखला. आजोबांनी मोजा हलवला. फासे आतल्या आत वळले. पाच.

“पाच. तिसरी ओलांडलीत. पण आता फ्रीज बंद पडलाय, घर एकदम शांत झालंय, आणि शांततेत सगळंच ऐकू येतं. थांबता की जाता?”

“फ्रीज परत केव्हा सुरू होतो?” आजोबांनी घाबरून विचारलं.

“दर बावीस मिनिटांनी. सुरू होताना हुंकारतो. त्या हुंकारात दोन पावलं फुकट.”

पत्रवाली बघतच राहिली. हे तिचंच घर होतं. रोज ज्या नऊ फरश्यांवरून ती बादल्या घेऊन जायची, त्या दरीवरच्या पुलासारख्या समोर पसरल्या होत्या. डॉक्टरिणीला (ती आत्या झाली होती) पाणी हवं होतं, तर सासूबाई सांगत होत्या की डावीकडचा नळ सोडताना किंचाळतो, उजवीकडचा बंद करताना. लिफ्टवाला काका झाला होता. त्याला बाहेर पडायचं होतं आणि कडी काढताना खाली बोट धरायचं असतं, हे कळल्यावर त्याच्या डोळ्यांत चक्क पाणी तरळलं. जिथे तिथे पत्रवालीला नवल वाटत होतं. मोठमोठ्या ग्रंथांएवढे नियम तिने वाचले होते, ड्रॅगन पाहिले होते, बुडालेली शहरं पाहिली होती. पण नळाची इतकी दहशत तिने कधी अनुभवली नव्हती.

“आई,” तिने न राहवून विचारलं, “हे सगळं तुम्हाला कसं माहीत?”

“तू आत लिहीत बसतेस ना, तेव्हा,” सासूबाई म्हणाल्या. “दीड तास मिळाला पाहिजे ना तुला. हं, काका, फासे.”

पत्रवालीला वाटायचं, दुपारचा तो वेळ ती चोरते. पिल्लूपासून, घरापासून, सगळ्यांच्या नकळत. आणि नऊ महिने एक बाई रोज दुपारी डोळ्यांत तेल घालून, तिसरी फरशी चुकवत, फ्रीजच्या हुंकाराची वाट बघत तिच्या चोरीवर पहारा देत होती. पत्रवालीने मान खाली घातली.

तेवढ्यात खरोखरचं कुलूप वाजलं.

नवरा बिस्किटं घेऊन वर आला होता. रोजच्यासारखं “आलो!” म्हणायला त्याने दार ढकललं आणि तोंड उघडलं. बिजागरी कुरकुरायच्या आत लिफ्टवाला तीन ढांगांत दाराशी पोचला, तिसरी फरशी टाळून. एका हाताने त्याने दार धरलं आणि दुसऱ्या हाताने खिशातून तेलाची कुपी काढून बिजागरीत दोन थेंब सोडले. समोर चार माणसांची चार बोटं ओठांवर होती. नवऱ्याने उघडलेलं तोंड तसंच ठेवलं.

“हा कोण?” आजोबांनी कुजबुजत विचारलं.

“बाप,” सासूबाई म्हणाल्या. “याचे गुडघे वाजतात. एक फासा कमी.”

नवरा एका फाशावर खेळायला बसला.

त्यानंतरचं पत्रवालीला नीट आठवत नाही. काका कडीपर्यंत पोचले होते एवढं आठवतं. फ्रीज हुंकारला होता आणि सगळ्यांनी मिळून दोन पावलं टाकली होती. सासूबाईंचा आवाज चालूच होता, सारख्या लयीत, आणि टेबल गालाला गार लागत होतं.

जाग आली तेव्हा पाच वाजून गेले होते. तिच्या अंगावर चादर होती. टेबलाभोवती कुणी नव्हतं, खुर्च्या उचलून, न ओढता, आत सारलेल्या होत्या. पिल्लू सासूबाईंच्या मांडीवर पिवळा मोजा चावत होतं. समोर शाईच्या बोटांचे ठसे उमटलेला एक कागद होता.

‘आजोबा, आत्या आणि काका, तिघंही सुखरूप घराबाहेर. बाळ उठलं नाही. बाळाची आईही उठली नाही, तिचे गुण वेगळे धरावेत अशी विनंती. खेळ छापायचा आहे. नाव कुणाचं घालू?’

“आई, तुम्ही काय सांगितलंत?”

“तुझं सांगितलं. ते म्हणाले, दोघींचं घालतो.” सासूबाईंनी मोजा पिल्लूच्या तोंडातून सोडवला. “मी म्हटलं, बघा बाई, तुमचं ते बोलणं.”

पुढच्या पत्रात चुकीची कबुली होती, सविस्तर, ‘माझ्याकडून एक’च्याही पुढे. तिच्याखाली म्हाताऱ्या दरोडेखोरांची आठवण पुन्हा, ठासून करून दिलेली होती. आणि सर्वांत शेवटी : ‘पाचवा खेळ : झोपलंय. आता खेळले आहे. मधेच झोपले, म्हणून हरले. वर्गणी सोमवारपासून.’

ते ती लिहीत होती तेव्हा पिल्लू शेजारी झोपलेलं होतं. घरात सगळं शांत होतं. एरवी तिने ऐकलंही नसतं. पण स्वयंपाकघरात फ्रीज हुंकारला आणि त्या हुंकारात कुणीतरी हलकेच दोन पावलं टाकली.