विसाव्याला निरोप

जाहिरातीतला 'मतदारसंघ' हा शब्द एमिल व्राबेल यांनी स्वतःच्या हातानं खोडला आणि पुढचं सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

"विसावा मतदारसंघ असं लांबण कशाला लावायचं?" ते म्हणाले. "आपल्या भागात 'विसावा' म्हटलं की शेंबड्या पोरालाही कळतं."

"कळतं ना," बर्नडेट टॉलिव्हर म्हणाली. "पण काय कळतं, ते एकदा विचारून घ्या."

व्राबेल अठ्ठावीस वर्षं अमेरिकेच्या संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, राज्यातल्या वीस क्रमांकाच्या मतदारसंघाचे, विसाव्याचे, प्रतिनिधी होते आणि बर्नडेटनं त्यातली बहुतेक वर्षं त्यांची कचेरी सांभाळली होती. आता दोघंही निवृत्त. तरी गुरुवारी सकाळी ती त्यांच्या स्वयंपाकघरात कॉफी प्यायला यायची आणि पूर्वीइतक्याच हक्कानं त्यांच्या चुका काढायची. या वेळी मात्र साहेबांनी ऐकलं नाही.

दर निवडणुकीला ते छातीवर हात ठेवून गर्जायचे, "विसावा म्हणजे मी आणि मी म्हणजे विसावा!" लोकांनी ते इतकं मनावर घेतलं, की त्यांचं नावच 'म्हातारा विसावा' पडलं. पण पोलादाचे कारखाने बंद पडले, तरुण मंडळी उन्हाच्या प्रदेशात निघून गेली, जनगणनेत राज्याची माणसं कमी भरली आणि काँग्रेसमधली एक जागा गेली. राजधानीतल्या नकाशेवाल्यांनी नेमका विसावा पुसून टाकला. अर्धा भाग उत्तरेच्या उपनगरांना जोडला आणि अर्धा थेट मक्याच्या शेतांना. दीड तास गाडी हाकली तरी मका संपत नाही, असा तो प्रदेश.

बायको गेली तेव्हा व्राबेलांना घर खायला उठलं होतं. हे नकाशाचं ऐकल्यावर घराबाहेरही तसंच वाटायला लागलं. म्हणून त्यांनीच टूम काढली, की विसाव्याला रीतसर निरोप द्यायचा. स्थानिक साप्ताहिकात चौकट आली: 'आपला लाडका विसावा आता राहिला नाही. शनिवारी दुपारी संत सिरिल चर्चच्या हॉलमध्ये अखेरचा निरोप. येताना काहीतरी खायला आणावे.'

शनिवारी सकाळी त्यांच्या दारात पांढऱ्या लिलीचं एक भलंमोठं पुष्पचक्र येऊन पडलं. व्राबेलांना गहिवरून आलं. 'बघा, लोकांचा मतदारसंघावर किती जीव आहे!' असं म्हणत त्यांनी ते न्हाणीघरात नेऊन टबातल्या पाण्यात ठेवलं. थोड्या वेळानं टपालवाला आला. खिडकीत त्यांना पाहून त्यानं छातीवर क्रूसाची खूण केली आणि टपाल न टाकताच मागे फिरला. व्राबेलांना वाटलं, पोरगा धार्मिक आहे.

गुडघ्यांमुळे हॉलच्या पुढच्या पायऱ्या त्यांना झेपत नसत. ते मागच्या गल्लीतून स्वयंपाकघराच्या दारानं आत शिरले. कोबीत गुंडाळलेल्या खिम्याची पातेली, तळलेली कोंबडी, ॲपल पाय यांनी ओटा गच्च भरला होता. बर्नडेट त्यांच्यावर जवळजवळ झडप घालतच आली.

"बाहेर जाऊ नका!"

"का? भाषण करायचंय मला."

"करायचं कसं? तुम्ही मेलाय."

तिनं ओट्यावरची खाणं वाढायची खिडकी बोटभर वर सरकवली. पलीकडे हॉल माणसांनी फुलला होता. सगळे काळ्या कपड्यांत. व्यासपीठावर त्यांचाच फोटो, त्याला काळी फीत.

"जाहिरात वाचून आलेत सगळे," बर्नडेट दबक्या आवाजात म्हणाली. "मी पोचले तोवर निम्मा हॉल रडत होता. सांगणार तेवढ्यात तो मक्याकडचा आला, डेल प्रुइट. इकडचा नवा प्रतिनिधी. त्यानं सरळ माईकच धरला."

"मग आता जाऊन सांगतो!"

"सांतोबाई पहिल्या रांगेत बसल्यात. त्यांचं हृदय कसं आहे ठाऊक आहे ना? तुम्ही असे भुतासारखे उभे राहिलात तर एकाचे दोन निरोप होतील."

इतक्यात पलीकडून प्रुइटचा आवाज आला, "या भागाला पोहण्याचा तलाव देणारा असा नेता पुन्हा होणे नाही!" व्राबेलांचा दारावरचा हात खाली आला.

"थांब जरा," ते म्हणाले. "ऐकू दे."

त्यांनी एक स्टूल ओढलं, ताटलीत कोंबडीची तंगडी घेतली आणि खिडकीच्या फटीला कान लावला. आयुष्यभर भाषणं केलेल्या माणसाला स्वतःवरचं इतकं चांगलं भाषण ऐकायचा योग पहिल्यांदाच आला होता.

प्रुइटनंतर सांतोबाई उठल्या. "आम्ही बुडापेस्टहून पळून आलो तेव्हा विसावा तळ्यापासून रेल्वे यार्डापर्यंत होता," त्या म्हणाल्या. "मला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. एमिलला हंगेरियनचा येत नव्हता. तरी तो निवडणुकीत माझ्या दारात उभा राहून तासभर बोलला. काय बोलला देव जाणे, पण जाताना त्यानं माझा तुंबलेला नळ मोकळा केला. मी मत दिलं."

हॉल हसला, मग नाकं ओढली गेली. मग ओटिस फेनर आला. "आमची टेकडी विसाव्यात मागाहून जोडली. काळ्यांची मतं गोऱ्यांच्या मतांत विरघळून जावीत म्हणून नकाशेवाल्यांनी केलेली ती युक्ती होती. पण हा बाबा टेकडी चढून आला. माझ्या आईच्या टेबलाशी बसला आणि तीनदा वाढून घेतलं. आई म्हणाली, 'जेवतो तर बरा. काम करतो का बघू.'" तो फोटोकडे वळला. "केलं त्यानं."

व्राबेलांच्या हातातली तंगडी तशीच राहिली. त्या टेबलावरचा निळ्या चौकड्यांचा कपडा त्यांना आठवला. नकाशावर त्यांनी विसावा शेकडो वेळा पाहिला होता. डोळ्यांपुढे मात्र आता नुसती दारं येत होती, एकामागून एक, आणि त्यांतली कितीतरी आता लाकडी फळ्या ठोकून बंद झालेली. बर्नडेटनं त्यांच्यापुढे कागदी रुमाल सरकवला.

प्रुइटला गर्दीचा रंग दिसत होता. त्यानं पुन्हा माईक घेतला. "मित्रहो, तुमचं टपालघर बंद करायचं घाटतंय असं कळलं. मी शब्द देतो, दिवंगत विसाव्याच्या स्मरणार्थ ते बंद होऊ देणार नाही आणि त्याला त्याचंच नाव देईन!"

टाळ्यांनी छप्पर हललं. साप्ताहिकाच्या छायाचित्रकाराचे दिवे लखलखले. त्या टपालघरासाठी व्राबेल पाच वर्षं अर्ज खरडत होते.

"आता तर अजिबात जिवंत होऊ नका," बर्नडेट पुटपुटली.

आणि ते झालेही नसते. पण ओटिस फेनर बसल्या जागेवरून म्हणाला, "एवढं सगळं खरं. फक्त पोहण्याचा तलाव तेवढा त्याचा नव्हे हं. तो त्याच्या आधीच्या डॉनलीचा."

खिडकी धाडकन वर गेली.

"डॉनलीचा?" व्राबेल कडाडले. "डॉनलीनं नुसता खड्डा खणला होता! त्यात बेडकं पोहत होती, बेडकं! पाणी मी आणलं!"

सगळा हॉल खिडकीकडे वळला. कोबीच्या पातेल्यांमागे, हातात तंगडी घेऊन, विसावा उभा होता.

"मेला तरी तलाव सोडत नाही!" ओटिस म्हणाला.

सांतोबाईंनी चष्मा चढवून नीट पाहिलं. त्यांच्या हृदयाला काहीही झालं नाही. "तरीच," त्या म्हणाल्या. "फोटोपेक्षा बरा दिसतोय." मग मात्र त्या उठून आल्या आणि खिडकीतूनच त्यांचं डोकं दोन्ही हातांत धरून ढसाढसा रडल्या.

एवढा गोंधळ उठला, की प्रुइटचा आवाज कुणालाच ऐकू येईना. तो कसाबसा खिडकीशी पोचला. "सर, तुम्ही आहात याचा आनंदच आहे. पण मी शब्द दिला तो, म्हणजे, दिवंगताच्या नावानं..."

"दिवंगत विसावाच आहे," बर्नडेट म्हणाली. "विसावा मतदारसंघ. तुमच्याच नकाशानं मारलाय. दिलेला शब्द त्याला लागू."

प्रुइट तसा माणूस वाईट नव्हता. त्यानं दीर्घ श्वास घेतला, कोबीचं एक गुंडाळं तोंडात टाकलं आणि म्हणाला, "ठीक आहे. कुठाय ते टपालघर? बघून तरी जातो."

सगळी वरात त्याच्या मागोमाग रस्त्यावर आली. व्राबेलांनी समोर बोट केलं. रस्त्यापलीकडे विटांची ती बुटकी इमारत उभी होती. प्रुइटनं खिशातून नकाशा काढला, उलटा धरला, सुलटा धरला. मतदारसंघाची हद्द त्या रस्त्याच्या मधोमध जात होती.

"पण ते... ते माझ्यात नाही," तो हळूच म्हणाला. "तो उत्तरेकडचा मतदारसंघ आहे."

"हो," व्राबेल म्हणाले. "तिथलं एकही मत तुम्हाला मिळायचं नाही."

प्रुइटनं मागे वळून पाहिलं. छायाचित्रकार अजून फोटो काढत होता. सांतोबाई प्रुइटसाठी उरलेलं कोबीचं पातेलं बांधून घेऊन येत होत्या. त्यानं नकाशाची घडी घातली. "माझ्या गावचं टपालघर बंद झालं तेव्हा माझे वडील आठवडाभर कुणाशी बोलले नव्हते," तो म्हणाला आणि पातेलं घेऊन गाडीत बसला. पुढे त्यानं खरंच धावपळ केली आणि टपालघर वाचलं. विसाव्याच्या नावाची पाटी लागायला मात्र वर्ष गेलं.

संध्याकाळी हॉल झाडून झाल्यावर व्राबेल आणि बर्नडेट पायऱ्यांशी उभे राहिले. तिचं घर टपालघराच्या बाजूला, त्यांचं अलीकडे.

"म्हणजे आता आपण एका मतदारसंघात नाही," व्राबेल म्हणाले.

"नाही." तिनं पर्स खांद्याला लावली. "आणि सोमवारी सकाळी कुठं जाऊ नका. ओटिसच्या निवृत्तिवेतनात काहीतरी घोळ झालाय आणि सांतोबाईंचा नळ पुन्हा तुंबलाय. सगळे तुमच्याकडेच येणार आहेत."

"अगं, पण मी आता कुणाचाच प्रतिनिधी नाही!"

"ते त्यांना सांगा," बर्नडेट म्हणाली आणि दोन्हीकडे नीट बघून रस्ता ओलांडायला लागली.