दुसऱ्या गिअरचं माहेर

“अहो, सारखंच असतं!” हे औषधवाल्यांचं ब्रीदवाक्य होतं. चिठ्ठीवरची गोळी दुकानात नसली, की ते बेधडक दुसऱ्या कंपनीची पुढे करत. “नाव वेगळं, आतला माल तोच!” आणि गिऱ्हाईक बरंही होई! त्यामुळे त्यांच्या जुन्या स्पोर्ट्स बाइकचा दुसरा गिअर चालता चालता सुटू लागला, तेव्हा त्यांना अजिबात घाम फुटला नाही.

बायकोला मात्र फुटला होता. चढावर, मागून ट्रक येत असताना गिअर सुटला, तेव्हा मागे तीच बसली होती.

“रविवारी भंगारवाला येतोय. तोवर नीट झाली तर राहील, नाहीतर जाईल. यापुढे मी एक शब्द बोलणार नाही,” ती म्हणाली, आणि आठवडाभर तेवढंच बोलत राहिली.

“त्याच चढावर नेऊन दाखवतो तुला!” औषधवाल्यांनी बाह्या सरसावल्या.

जुन्या मॉडेलचे भाग आता मिळत नव्हते. पण गॅरेजमध्ये त्याच गाडीची पुढची पिढी, अपघातात तोंड चेचून, कोपऱ्यात पडली होती.

“शेठ, हे मॉडेल वेगळं आहे,” मेकॅनिक म्हणाला.

“कंपनी तीच ना? मग काढा हिचा दुसरा गिअर!”

गिअर निघाला. जुन्या गाडीत बसलासुद्धा! पण शेजारच्या गिअरशी त्याचं जमेना. दोघं एकमेकांवर दातओठ खाऊ लागले. “मग जोडी आणा!” जोडी आली. तिची खाच रुंद निघाली. गिअर सरकवणारा काटा तिच्यात ढगळ पायजम्यातल्या पायासारखा हलू लागला. “काटा आणा!” काटा आला, पण त्याला नाचवणारा ड्रम जुना. “ड्रम आणा!” मग शाफ्ट आला. शाफ्टमागे चेनचं चक्र, चक्रामागे रुंद चेन, आणि चेनला धरून थेट मागचं चाक! एक सून आणायला जावं आणि तिच्यामागून अख्खं माहेर राहायला यावं, तशी गत झाली.

“शेठ, अजूनही थांबा.”

“आता कुठे गुण येतोय, आणि थांबा म्हणता?”

जुने भाग पोत्यांत भरून औषधवाल्यांनी अंगणात आणून टाकले, आणि रविवारी सकाळी गाडी फाटकाशी उभी केली. क्लच दाबून इंजिन सुरू केलं. हिरवा दिवा लागला. न्यूट्रल!

“बस!”

बायकोनं पाय उचलला, यांनी क्लच सोडला, आणि गाडी बेडकासारखी उडी मारून काटेरी कुंपणात घुसली! बायको बगळ्यासारखी एका पायावर तिथेच.

“न्यूट्रल होती ना?”

“दिव्याच्या मते होती!” औषधवाले कुंपणातून म्हणाले.

दिव्याचा बिचाऱ्याचा दोष नव्हता. ड्रम नवा आला होता, दिव्याचा स्विच मात्र जुनाच राहिला होता. पहिल्या गिअरलाच तो न्यूट्रल समजत होता.

“पुन्हा बस.”

“अहो, अंगात काटे रुतलेत तुमच्या!”

“रुतू देत. बस!”

ती डोळे मिटून बसली. चढ आला. मागे ट्रकही आला. औषधवाल्यांनी श्वास रोखून दुसरा टाकला... आणि गिअरनं धरलं! सुटला नाही! ट्रक मागे पडला.

“राहू दे गाडी,” बायको त्यांच्या कानाशी ओरडली.

औषधवाले विजयी वीरासारखे घरी परतले. अंगणात भंगारवाला पोती रिकामी करून बसला होता.

“ही गाडी न्यायची ना?”

“छे! ही वाचली!”

“मग ही कुणाची?” त्यानं ढिगाकडे हात केला. “टाकी आणि सीट तेवढी असती, तर किक मारून नेली असती!” मग त्यानं डोकं खाजवलं. “असं करा, शेठ, टाकी पण देऊन टाका. नव्या मॉडेलची टाकी आहे माझ्याकडे पडलेली.”

बायकोनं नवऱ्याकडे अशी नजर टाकली, की दूध जागच्या जागी नासावं. औषधवाल्यांनी मान खाली घातली. शर्टातला एक काटा उपटला. दुसरा उपटला.

मग हळूच म्हणाले, “बसेल ना हो ती हिला?”